सांक्तुस संपेपर्यंत धर्मगुरूंनी थांबावं का?

१८१४ साली व्हिएन्नाच्या लिख्टेनताल या उपनगरातल्या चर्चची शताब्दी होती. सोहळ्यासाठी नवी मिस्सा हवी होती. ती लिहिली त्याच धर्मग्रामातल्या एका शाळामास्तरांच्या सतरा वर्षांच्या मुलाने. लहानपणी तो तिथल्या गायकवृंदात गायला होता आणि संगीताचे धडेही त्याने तिथल्याच वृंदप्रमुखाकडे गिरवले होते. शताब्दीच्या मिस्सेचं संचालन त्याने स्वतः केलं. ऑर्गनवर त्याचा थोरला भाऊ फर्डिनांड बसला आणि सोप्रानोचे एकल भाग गायली वस्तीतल्याच रेशीम विणणाऱ्या घरातली टेरेझे ग्रोब. मुलाचं नाव फ्रान्त्स शुबर्ट. एफ मेजरमधली ती मिस्सा आज आपल्याला भेटते ती ध्वनिमुद्रणांच्या यादीत किंवा सभागृहाच्या कार्यक्रमपत्रिकेत. जन्मली तेव्हा मात्र ती एका वस्तीने स्वतःच्या चर्चसाठी स्वतःच्या माणसांकडून करून घेतलेली गोष्ट होती.

हे सांगायचं कारण म्हणजे हायडन, मोझार्ट, शुबर्ट, व्हिएर्न यांच्या मोठ्या मिस्सांबद्दल कॅथलिक जगात गेली साठ वर्षं जो वाद चालू आहे, त्यातले दोन्ही पक्ष ही रचना मुळात कुणाची हेच विसरून बोलतात. एक पक्ष म्हणतो, हे कलेचं शिखर आहे, त्याला हात लावू नका. दुसरा म्हणतो, ही राजदरबारची मैफल आहे, तिने भाविकांना मुकं केलं, तिला सभागृहात पाठवा. माझं म्हणणं या दोघांनाही रुचणार नाही. या मिस्सांची जागा सभागृहात नाही, उपासनेतच आहे, तीही साध्या धर्मग्रामाच्या उपासनेत. पण तिथे राहायचं असेल तर त्यांनी अखंडतेचा हट्ट सोडला पाहिजे.

आधी सभागृहाबद्दल. मिस्सेच्या नित्यपाठात पाच भाग येतात: कीरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस आणि त्याला जोडलेला बेनेदिक्तुस, शेवटी आन्यूस देई. सण कोणताही असो, शब्द तेच राहतात. म्हणून तर संगीतकारांनी त्याच शब्दांना पुन्हा पुन्हा चाली दिल्या. पण हे पाच भाग लागोपाठ गाण्यासाठी लिहिलेलेच नाहीत. कीरिये आणि ग्लोरिया शेजारी येतात, मात्र त्यानंतर वाचनं, प्रवचन, मग क्रेदो. पुढे अर्पणविधी आणि सांक्तुस, नंतर अभिषेकाची स्तब्धता, प्रभूची प्रार्थना आणि त्यापुढे आन्यूस देई. मधली शांतता हा रचनेचाच भाग आहे. सभागृहात ती शांतता गाळली जाते आणि पाच पदार्थ एकाच ताटात ओतल्यासारखं होतं. हायडनच्या उत्तरकाळातल्या मिस्सेत आन्यूस देईच्या अखेरीस शांतीची याचना अचानक ढोल-तुताऱ्यांसह उसळते. चर्चमध्ये ती दीर्घ शांततेनंतर येते आणि माणूस दचकतो. सभागृहात श्रोत्यांना वाटतं, चला, शेवट जवळ आला.

दुसरा गैरसमज असा की संगीतकाराने आपली प्रतिभा उपासनेवर लादली. कागदपत्रं उलट सांगतात. साल्झबुर्गचे महागुरुस्वामी कोलोरेदो यांची शिस्त अशी होती की अगदी सणाची, खुद्द महागुरुस्वामींनी अर्पण केलेली मिस्सासुद्धा पाऊण तासापेक्षा लांबता कामा नये. मोझार्टने सप्टेंबर १७७६ मध्ये बोलोन्याच्या पाद्रे मार्तिनींना लिहिलेल्या पत्रात ही कैफियत मांडली आहे. त्या पाऊण तासात वाचनं, प्रार्थना, ख्रिस्तप्रसाद, सगळं आलं. शिवाय तुताऱ्या आणि ढोल हवेतच! त्या काळातल्या त्याच्या मिस्सा आटोपशीर आहेत त्या याच शिस्तीमुळे. आणि त्या आटोपशीरपणातच त्यांची अर्धी गंमत आहे, हे त्याने मान्य केलं असतं की नाही, ठाऊक नाही.

जोसेफ हायडनची 'छोटी ऑर्गन मिस्सा' तर याचं टोकाचं उदाहरण. आयझेनश्टाटमध्ये रुग्णसेवा करणाऱ्या व्रतस्थ बंधूंचं छोटं चॅपल होतं, त्यांच्यासाठी १७७५ च्या आसपास हायडनने ती लिहिली. वाद्यं किती? दोन व्हायोलिनं, खर्जाची साथ आणि ऑर्गन. व्हायोलासुद्धा नाही. ग्लोरियाचा पाठ तसा लांबलचक, पण हायडनने चार आवाजांना एकाच वेळी चार वेगवेगळ्या ओळी गायला लावून तो जेमतेम एक-दीड मिनिटात उरकला. शब्द कुणाला कळणार? कुणालाच नाही. देवाला सगळं ऐकू येतं, एवढ्याच भरवशावर ती युक्ती उभी होती. मग त्याच मिस्सेचा बेनेदिक्तुस येतो आणि घड्याळ जणू बंद पडतं: एकटी सोप्रानो, आणि तिच्या भोवती वेल चढावी तसा ऑर्गनचा एकल भाग. ग्लोरियात वाचवलेली मिनिटं हायडनने इथे खर्चली आहेत. ही कुणा कलावंताची मनमानी नव्हे. चर्चच्या घड्याळाचा, जागेचा आणि खिशाचा हिशेब ज्याला नेमका कळला होता, अशा माणसाचं ते काम आहे.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे 'ऑर्गन' म्हटलं की गंधर्व नाटक मंडळी आठवते, बालगंधर्वांच्या गाण्यामागचा तो पायाने भाता मारायचा, पितळी पट्ट्यांचा गोड आवाज. चर्चचा ऑर्गन निराळा. त्यात शेकडो किंवा हजारो नळ्या असतात आणि प्रत्येक नळी एकच स्वर देते. पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चमधला कावाये-कोलने १८६२ मध्ये पूर्ण केलेला ऑर्गन पाच हातपट्ट्यांचा आहे. नळ्यांच्या ऑर्गनचा स्वर कितीही वेळ धरला तरी विरत नाही. अशक्त वृंदाला तो खांद्यावर घेऊन चालतो. धर्मग्रामाच्या दृष्टीने त्याचं खरं महत्त्व हेच.

आता भाविकांना मुकं केल्याच्या आरोपाकडे. हा आरोप विसाव्या शतकातला नाही. कोलोरेदोंनी १७८२ मध्ये भाविकांच्या भाषेतल्या गाण्यांचा पुरस्कार केला आणि पुढच्याच वर्षी सम्राट योसेफ दुसरे यांनी व्हिएन्नातल्या चर्चना उपासनेचा नवा क्रम घालून देऊन वाद्यवृंदासह होणाऱ्या मिस्सांवर कात्री चालवली. प्रबोधनाच्या विचारांचे हे लोक. लोकांना कळलं पाहिजे, लोकांनी गायलं पाहिजे, खर्च कमी झाला पाहिजे. १७८२ ची मारियात्सेल मिस्सा झाल्यावर थेट १७९६ पर्यंत हायडनने एकही मिस्सा लिहिली नाही. पन्नाशी ते साठी ही त्याच्या बहराची वर्षं. ती चौदा वर्षं या सुधारणेच्या खात्यावर कुणी मांडत नाही. मी मांडतो.

पण सुधारणेचं फळही नाकारता येत नाही. त्याच परंपरेतून १८२७ मध्ये शुबर्टची 'जर्मन मिस्सा' आली. अवघड एकल भाग नाहीत, सगळं साध्या चालीत, सर्वांना गाता येईल असं. तिच्यातलं सांक्तुसच्या जागचं गीत जर्मन भाषिक धर्मग्रामांत आजही लोक भरल्या गळ्याने गातात. म्हणजे ज्याने सहा लॅटिन मिस्सा वृंदासाठी लिहिल्या, त्यानेच लोकांच्या हातात त्यांचं गाणं दिलं. हे एकाच माणसाच्या हातून झालं, हे दोन्ही पक्षांचे लोक सोयीने विसरतात.

पुढे १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी नाटकी संगीतावर कडक टीका करत ग्रेगोरियन गायन हा आदर्श ठरवला. पियानोला आणि स्त्रियांना वृंदातून बाहेर काढलं. म्हणजे १८१४ मध्ये लिख्टेनतालच्या गॅलरीत उभी राहून गायलेली टेरेझे आता नियमबाह्य झाली. स्त्रियांना अटी घालून पुन्हा परवानगी मिळायला १९५५ साल उजाडावं लागलं. परंपरेच्या नावाने आज १९०३ च्या त्या फर्मानाचे दाखले देणाऱ्यांनी हे कलम एकदा मोठ्याने वाचावं. त्यांच्या आवडत्या वृंदातल्या अर्ध्या सोप्रानो त्याच क्षणी घरी जातील.

आणि मग द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषद. डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घटनेतलं ११४ वं कलम संगीताचा ठेवा जपायला सांगतं, वृंद वाढवायला सांगतं आणि त्याच वाक्याच्या ओघात सगळ्या भाविकांचा सक्रिय सहभागही सांभाळायला सांगतं. १९६७ च्या सूचनेने आणखी स्पष्ट केलं: नित्यपाठ वृंदाने गायला हरकत नाही, फक्त लोकांना गायनातून पूर्णपणे वगळू नये. लिहिलेलं असं समतोल असूनही कितीतरी धर्मग्रामांत जुन्या स्वरलिपी कपाटात बंद झाल्या. कारण कागदावरच्या वाक्याचा अर्धाच भाग गावोगावी पोचला.

सहभाग म्हणजे तोंड उघडणं, हे समीकरण निदान मराठी माणसाने तरी मान्य करू नये. भागवतातल्या नवविधा भक्तीत श्रवण पहिलं, कीर्तन दुसरं. नारदीय कीर्तनाला बसलेला श्रोता पूर्वरंगात गप्प असतो, म्हणून तो बाहेरचा ठरत नाही. पण याच दाखल्याची दुसरी बाजूही आहे. कीर्तनकार मधूनमधून नामाचा गजर लोकांच्या हाती देतो आणि मंडप हलतो. तासभर एकटाच गात राहिला तर लोक चपला शोधू लागतात. म्हणजे श्रवण ही भक्ती आहे खरी, पण ती गजराच्या आधारावर टिकते. 'ऐकणं हाही सहभाग' असं म्हणून मोठ्या मिस्सेचे समर्थक सुटका करून घेतात, ती अर्धवट आहे. जुन्या काळी मिस्सा चालू असताना बरेच भाविक आपापली जपमाळ ओढत बसत. तेव्हा सगळे हायडन तन्मयतेने ऐकत होते, हे चित्र गोड आहे. खरं नाही.

आता खरा पेच. तो सांक्तुसमध्ये आहे, आणि तो आवडीनिवडीचा नाही, विधीचा आहे. जुन्या विधीत धर्मगुरू सांक्तुस स्वतः हळू आवाजात म्हणून टाकत आणि मुख्य आभारप्रार्थना मनातल्या मनात सुरू करत. वर गॅलरीत वृंद गातच असे. अभिषेकाच्या वेळी घंटा वाजे, सगळे स्तब्ध होत आणि त्यानंतर वृंद बेनेदिक्तुस उचले. खाली प्रार्थना, वर संगीत, दोन्ही समांतर. हायडनच्या मिस्सांतला बेनेदिक्तुस एवढा संथ आणि पसरट का, याचं उत्तर इथे मिळतं: तो धर्मगुरूंच्या मौनावर बेतलेला आहे. १९७० च्या नव्या विधीत ती प्रार्थना मोठ्याने म्हटली जाऊ लागली आणि सांक्तुस तिच्या पोटात आला, धर्मगुरू आणि सगळे लोक मिळून म्हणतात असा. आता १७९८ ची 'नेल्सन मिस्सा' तशीच गायली तर प्रार्थना मध्येच तोडून धर्मगुरू वेदीशी आठ-नऊ मिनिटं उभे राहणार. ज्या सांक्तुसमध्ये सगळ्या पृथ्वीने गायचं, तिथे अख्खं चर्च गप्प बसणार.

माझं मत स्पष्ट आहे: थांबू नये. सांक्तुस लोकांना द्यावा. बेनेदिक्तुसचं संगीत ख्रिस्तप्रसादाच्या वेळी गाता येतं आणि तिथे ते शोभतं. यावर शुद्धतावादी म्हणतील, मग रचना मोडली. मोडली, पण पहिल्यांदा नव्हे. हायडनच्या त्या छोट्या मिस्सेतला घाईचा ग्लोरिया त्याच्या सख्ख्या भावाने, मिखाएल हायडनने, वाढवून नव्याने बसवला. 'नेल्सन मिस्सा' लिहिली तेव्हा राजपुत्राने सुषिरवाद्यांचे वादक कामावरून काढले होते, म्हणून हायडनने ऑर्गनला एकल भाग दिले. पुढच्या संपादकांनी तेच भाग उचलून पुन्हा सुषिरवाद्यांना वाटले. शुबर्टने तर आपल्या सहाही लॅटिन मिस्सांच्या क्रेदोतून एका, पवित्र, कॅथलिक चर्चवरच्या श्रद्धेची ओळच गाळली. श्रद्धेचं जाहीर कथन अपुरं, तरी दोनशे वर्षं चर्चमध्ये ते चाललं! मला विचाराल तर शुबर्टचा क्रेदो उपासनेत मुळी गाऊच नये. तो लोकांनी म्हणावा, पूर्ण.

यालाही आधार आहे, आणि तो पॅरिसमधला. लुई व्हिएर्न जवळजवळ जन्मांध. त्याची मिस्सा डिसेंबर १९०१ मध्ये सँ-सुल्पीसमध्ये पहिल्यांदा गायली गेली. मोठ्या ऑर्गनवर एक वादक, वेदीजवळच्या छोट्या ऑर्गनवर दुसरा. त्या दोघांत एक खुद्द व्हिएर्न होता आणि दुसरा विदोर. चर्चच्या एका टोकाच्या गॅलरीतून दुसऱ्या टोकाच्या वृंदाकडे ऑर्गनचे स्वर कोसळतात आणि मधोमध भाविक बसलेले. एवढी दिमाखदार रचना, पण तिच्यात क्रेदो नाही. फ्रान्समध्ये क्रेदो साध्या चालीत सगळ्यांनी गायची रीत होती, म्हणून संगीतकारांनी ती जागा मोकळी ठेवली. पुढे जाँ लांग्लेनेही आपल्या मोठ्या मिस्सेत क्रेदो लिहिला नाही. अपूर्ण ठेवलेली रचना उपासनेच्या किती उपयोगी असते, हे या फ्रेंच ऑर्गनवादकांनी व्हिएन्नाकरांपेक्षा लवकर ओळखलं.

मोठ्या मिस्सेचं जे रूप जगभर दिसतं ते दुर्दैवाने दुसऱ्या टोकाचं असतं. २९ जून १९८५ रोजी कारायानने व्हिएन्ना फिलहार्मोनिक घेऊन सेंट पीटर्समध्ये मोझार्टची 'कोरोनेशन मिस्सा' सादर केली. वेदीवर पोप जॉन पॉल दुसरे होते. ध्वनिमुद्रण अप्रतिम आहे. पण ते पाहून एखाद्या गावच्या धर्मगुरूला वाटावं, हे आपल्याकडे करून पाहू? वाटणार नाही. व्हिएन्नाच्या होफबुर्ग चॅपेलमध्ये बालवृंद गातो आणि बसायच्या जागांना तिकीट आहे. मिस्सेला तिकीट! त्याच शहरात आउगुस्टिनर चर्चमध्ये मात्र दर रविवारी अकराच्या मिस्सेला हायडन-शुबर्ट-मोझार्ट वाद्यवृंदासह गायले जातात, दार उघडं असतं आणि मिस्सा ही मिस्साच असते. अनुकरण करायचंच तर त्याचं करावं. आणि एक मर्यादाही पाळावी. बीथोवनच्या 'मिस्सा सोलेम्निस'ला हात लावू नये. ती आर्चड्यूक रुडोल्फच्या १८२० मधल्या पदग्रहणासाठी ठरली होती, पण बीथोवनने ती तीन वर्षं उशिरा संपवली, तीही जवळजवळ सव्वा तासाची. तिने चर्चची मर्यादा स्वतःहून ओलांडली. तिला सभागृहच बरं.

हे सगळं युरोपचं झालं. आपल्याशी त्याचा संबंध आहे तो गोव्यातून. धर्मग्रामाच्या शाळांत मेस्त्रे पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत आणि तीच पोरं चर्चच्या वृंदात उभी राहत. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या वृंदप्रमुखाचा मुलगा अँथनी गोन्साल्विस मुंबईला आला, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात रुजला, प्यारेलाल त्याच्याकडे व्हायोलिन शिकला. मुंबईच्या सिनेमासंगीतातल्या त्या भरगच्च व्हायोलिनांची मुळं गोव्याच्या चर्चच्या गॅलरीत आहेत. उपासनेने खर्च केलेला तो पैसा वाया गेला, असं कोण म्हणेल?

म्हणून वसईत हायडन आणून ठेवावा, असं मी म्हणणार नाही. तिथे मराठी मिस्सा आहे, पेटी-तबला आहे आणि सोळाव्या-सतराव्या शतकातल्या थॉमस स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'सारखी ओव्या चर्चमध्ये म्हणायची आठवणही जवळपासच्या मुलखाची आहे. विश्वपरिषदेच्या ११९ व्या कलमाने स्थानिक संगीतपरंपरेला जागा दिली ती याचसाठी. लिख्टेनतालकडून घेण्यासारखं आहे ते वेगळंच: आपल्या धर्मग्रामातल्या सतरा वर्षांच्या पोराकडून शताब्दीची मिस्सा लिहून घेण्याची हिंमत. ध्वनिमुद्रित साथीवर हात वर करून गाण्याने ती हिंमत येत नाही.

मग जिथे ही परंपरा मुळात आहे, तिथे अडचण कसली? उपासनातज्ज्ञांची नाही, पैशांची तर फारशी नाहीच. गायक बहुधा फुकट गातात, पैसे लागतात ते वादकांना, आणि ऑर्गनवर भागवलं तर तेही वाचतात. खरी टंचाई आहे टेनर आवाजांची आणि दर आठवड्याला दोन तास काढू शकणाऱ्या माणसांची. एखाद्या धर्मग्रामाने वर्षातून चारपाच सणांनाच हे करावं, बाकीचे रविवार लोकगीतांचे असू द्यावेत. सुरुवातीला शुबर्टची जी मेजर मिस्सा बरी. वीस-पंचवीस मिनिटांची आहे, मुळात तंतुवाद्यं आणि ऑर्गन एवढ्यावरच लिहिलेली. त्याहूनही लहान वृंद असेल तर आयझेनश्टाटच्या बंधूंसाठी लिहिलेली ती छोटी ऑर्गन मिस्सा घ्यावी. फक्त ग्लोरिया मिखाएलने वाढवलेला गावा. जोसेफच्या मूळ ग्लोरियात चार आवाज चार ओळी एकदम गातात आणि आपली ओळ कुठली हे सांभाळण्यातच नवख्या वृंदाचे आठवडे निघून जातात.